रेड लाइट थेरपी: लाल प्रकाश शरीरात नक्की किती आत जातो?

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. "अरे, ते लाल दिव्याचं पॅनल मागवू का? गुडघ्याला चांगलं असतं म्हणे. शेजारच्या काकूंनी घेतलंय." फोन ठेवेपर्यंत व्हॉट्सॲपवर लिंकसुद्धा आली होती. किंमत १८ हजार रुपये. जाहिरातीत गुडघ्याचं आडवं कापलेलं चित्र, त्यात त्वचा, स्नायू आणि हाड भेदून आरपार जाणारे लालभडक बाण. खाली लिहिलेलं, 'खोलवरच्या ऊतींपर्यंत पोहोचतो.'

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. गुडघा बरा होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ते बाण खरे आहेत का, हा आधी भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याचा हिशोब बऱ्यापैकी मांडता येतो. तो मी आईसाठी मांडला. मास्क, पॅनल, पट्टे, टोप्या अशी उपकरणं आता सगळीकडे विकली जातायत, म्हणून इथेही मांडतोय.

सुरुवात घरच्या घरी करू. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट घट्ट ठेवा. बोट लाल दिसेल. टॉर्चचा प्रकाश पांढरा आहे, म्हणजे त्यात निळा, हिरवा, पिवळा सगळे रंग आहेत. पण बोटातून बाहेर आला तो फक्त लाल. बाकीचे रंग वाटेत गिळले गेले. ते मुख्यतः गिळतं रक्तातलं हिमोग्लोबिन. साधारण ६०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश ते जोरात शोषतं आणि तिथून पुढे त्याची भूक एकदम कमी होते. लाल आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश म्हणूनच शरीरात जास्त आत शिरतो. आणखी पुढे, ९७० नॅनोमीटरच्या आसपास आणि मग ११५० च्या पुढे, शरीरातलं पाणी प्रकाश शोषायला लागतं. रक्त आणि पाणी यांच्या मधली ही जी फट आहे, तिला 'ऑप्टिकल विंडो' म्हणतात. बाजारातली बहुतेक उपकरणं ६३० ते ६६० आणि ८१० ते ८५० नॅनोमीटरची असतात, ती याच फटीत बसवलेली. ऑक्सिमीटरमध्ये ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दिवे असतात, त्यातही हेच तत्त्व. कोविडच्या काळात प्रत्येक घरात ते यंत्र आलं होतं, तेव्हा प्रकाश बोटातून आरपार जातो हे आपल्याला नवीन नाही.

मग आता बोटाकडे परत बघा. बोटात हाडं आहेत, पण त्यांची सावली दिसते का? नाही दिसत. सगळं बोट एकसारखं लाल. कारण आत शिरलेला प्रकाश सरळ जातच नाही. पेशी, तंतू, चरबीचे थेंब यांच्यावर आपटून तो दिशा बदलतो, पुन्हा आपटतो, पुन्हा वळतो. दुधाच्या ग्लासमध्ये लेझर पॉइंटर मारून बघा, किरण दिसत नाही, एक उजळलेला गोळा दिसतो. दूध प्रकाश फारसा शोषत नाही, ते तो विखुरतं. आपलं शरीरही तसंच वागतं. जाहिरातीतले सरळ बाण इथेच खोटे पडतात. प्रत्यक्षात जे होतं ते गणपती मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर शिरलेल्या माणसासारखं आहे. तो चालतोय खूप, पण पुढे फारसा सरकत नाही, आणि बरेच जण आल्या वाटेनेच बाहेर पडतात. गोऱ्या त्वचेवर पडलेल्या लाल आणि निअर इन्फ्रारेड प्रकाशातला निम्म्याच्या आसपास भाग असाच परत फिरतो.

रक्त हा प्रकाशाच्या वाटेतला अडथळा आहे, हे डॉक्टरांना शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल. त्याचा प्रकाश लाल नव्हता, निळा-जांभळा आणि अतिनील होता, म्हणजे रक्तात सगळ्यात जास्त अडकणारा. त्यावर त्याने युक्ती काढली. स्फटिकाचं भिंग त्वचेवर दाबून धरायचं, म्हणजे तिथलं रक्त बाजूला सरतं आणि मग प्रकाश सोडायचा. ही दाबण्याची गोष्ट लक्षात ठेवा, गुडघ्याच्या वेळी लागणार आहे.

आता हिशोब. ऊतींमध्ये प्रकाश चक्रवाढ व्याजाच्या उलट वागतो. ठराविक खोली गेली की त्याचा ३७ टक्के भाग उरतो, तेवढीच खोली पुन्हा गेली की त्या ३७ चे ३७ टक्के, असं करत करत तो आटत जातो. ही 'ठराविक खोली' त्वचा, चरबी, स्नायू, रक्ताचं प्रमाण यांनुसार बदलते. पण लाल आणि निअर इन्फ्रारेडसाठी ती काही मिलिमीटरच असते, सेंटिमीटरांत मोजावी एवढी नसते. हिशोबापुरतं ६६० नॅनोमीटरला ३ मिलिमीटर आणि ८५० नॅनोमीटरला ५ मिलिमीटर धरू. मी विकणाऱ्याच्या बाजूने जरा उदार राहिलोय.

१ सेंटिमीटर खोलीवर लाल प्रकाश सुमारे साडेतीन टक्के उरतो, निअर इन्फ्रारेड साडेतेरा टक्के. ठीक आहे, वाईट नाही. पण ३ सेंटिमीटरवर? निअर इन्फ्रारेड पाव टक्का. आणि लाल ०.००४५ टक्के.

टक्क्यांनी काही कळत नाही, वेळेत बघू. बहुतेक पॅनलवर लिहिलेलं असतं दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट. (दुपारच्या स्वच्छ उन्हाची एकूण ताकद साधारण एवढीच असते, आणि त्यातला तिसरा हिस्सा ६०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातच असतो. तेव्हा दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाच्या पाठीला ही थेरपी फुकटात चालूच आहे म्हणायची.) समजा ३ सेंटिमीटर आतल्या पेशींना आपल्याला दर चौरस सेंटिमीटरला १ ज्यूल एवढी माफक ऊर्जा द्यायची आहे. परत फिरणारा प्रकाश सोडून देऊ, १०० च्या १०० मिलिवॅट आत शिरले असं मानू. तरी ८५० नॅनोमीटरला एक तासाहून थोडा जास्त वेळ लागेल. ६६० नॅनोमीटरला लागतील ६१ तास. म्हणजे अडीच दिवस, न हलता. जाहिरातीत सांगतात रोज १० मिनिटं.

मग पॉवर वाढवू? इथे चक्रवाढ पुन्हा आडवी येते. दिव्याची ताकद दुप्पट केली तर तेवढाच प्रकाश फक्त २ मिलिमीटर जास्त आत पोहोचतो. निअर इन्फ्रारेड असेल तर साडेतीन मिलिमीटर. वीज दुप्पट, उष्णता दुप्पट, त्वचेवरचा मारा दुप्पट, आणि हाती काय तर २ मिलिमीटर. त्यात या उपचाराचं एक वैशिष्ट्य संशोधनात वारंवार दिसतं. कमी डोसला परिणाम नाही, मध्यम डोसला चांगला परिणाम, त्याहून जास्त दिला की परिणाम पुन्हा घटतो किंवा उलटतो. म्हणजे खोल जागेला पुरेसा प्रकाश द्यायला जावं तर वरच्या थराला नको तेवढा मिळतो. सॉफ्टवेअरमध्ये आपण 'सर्व्हर वाढवा' म्हणून मोकळे होतो, इथे ती सोय नाही.

'पण प्रकाश आत पोहोचल्याचं सिद्ध झालंय' असंही म्हटलं जातं, आणि ते खोटं नाही. २०२५ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रौढ माणसाच्या डोक्याच्या एका बाजूने ८०० नॅनोमीटरचा लेझर सोडून दुसऱ्या बाजूने बाहेर आलेले फोटॉन पकडले. कातडी, कवटी, अख्खा मेंदू, पुन्हा कवटी. वाचून मी थक्क झालो होतो. पण तपशील बघा. लेझर १.२ वॅटचा. प्रकाश कमी झाला साधारण १० चा १८ वा घात इतक्या पटीने. आठ जणांवर प्रयत्न केला, फोटॉन मिळाले एकाच्याच डोक्यातून, गोरा वर्ण आणि डोक्यावर केस नसलेल्या माणसाच्या. १.२ वॅटच्या त्या लेझरमधून सेकंदाला सुमारे ५ वर १८ शून्यं एवढे फोटॉन निघतात. १० च्या १८ व्या घाताने भागा. उरतात सेकंदाला पाच. पाच फोटॉन मोजता येतील इतकी संवेदनशील यंत्रं आज आहेत, आणि त्याचा उपयोग मेंदूचं चित्रण करायला होऊ शकतो, त्यासाठीच तो प्रयोग होता. पण पाच फोटॉननी कुठल्याही पेशीचं काही बरंवाईट होत नाही. सगळी गफलत इथे आहे. 'पोहोचला' आणि 'पुरेसा पोहोचला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि जाहिरातीत पहिल्या वाक्याचा पुरावा देऊन दुसरं विकलं जातं.

याची किंमत मोठ्या चाचण्यांनीही मोजलीय. पक्षाघाताचा झटका आल्यावर २४ तासांच्या आत डोक्यावरून ८०८ नॅनोमीटरचा लेझर द्यायचा, अशी एक कल्पना होती. उंदीर आणि सशांवर निकाल उत्तम आले. २००७ मध्ये १२० रुग्णांवरची पहिली चाचणी आशादायक निघाली. २००९ ची ६६० रुग्णांची दुसरी चाचणी मुख्य कसोटीला उतरली नाही. तिसरी तर मध्येच थांबवली, कारण मधल्या टप्प्यावर आकडे तपासले तेव्हा पुढे चालवून काही हाती लागणार नाही असं दिसलं. अपयशाची कारणं एकाहून जास्त असू शकतात. पण उंदराच्या टाळूपासून मेंदूपर्यंतचं अंतर काही मिलिमीटर आणि आपलं सेंटिमीटरहून जास्त, हा फरक वरच्या हिशोबात घालून बघा. उंदरावरचा निकाल माणसावर चिकटवताना मधली घातांकी उतरंड विसरली जाते, आणि पॅनलच्या जाहिरातींमध्ये उद्धृत केलेले बरेच 'अभ्यास' उंदरांवरचे किंवा काचेच्या बशीतल्या पेशींवरचेच असतात. बशीतल्या पेशीवर त्वचा नसते.

इथपर्यंत वाचून वाटेल की सगळा धंदाच बोगस आहे. तसं अजिबात नाहीये, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. जिथे उपचाराची जागा वरच्या काही मिलिमीटरांत आहे, तिथे या प्रकाशाने खरोखर काम केलंय.

सगळ्यात भक्कम उदाहरण तोंडाचं. तोंड आणि घशाच्या कॅन्सरला रेडिएशन आणि केमो दिल्यावर तोंडात भयंकर चट्टे पडतात, पाणी गिळणंही अवघड होतं, कधीकधी त्यामुळे उपचार थांबवावा लागतो. तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या देशात ही वेदना किती घरांनी पाहिलीय ते वेगळं सांगायला नको. मणिपालच्या संशोधकांनी दोनशेहून जास्त रुग्णांवर ६३२.८ नॅनोमीटरच्या लाल लेझरची चाचणी केली, निम्म्यांना खरा लेझर आणि निम्म्यांना नुसता देखावा. २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. लेझर मिळालेल्यांमध्ये गंभीर चट्टे आणि वेदना कमी होत्या. आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ठराविक रुग्णांसाठी हा उपचार शिफारशीत आहे. कारण उघड आहे. तोंडातलं आवरण नाजूक आणि पातळ, आणि लेझर थेट त्याच्यासमोर. 'खोल' जायचा प्रश्नच नाही.

दुसरं उदाहरण डोळ्याचं. वयोमानाने होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या एका आजारावर, ५९०, ६६० आणि ८५० नॅनोमीटर वापरणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली. डोळ्याचा पडदा दोन-अडीच सेंटिमीटर आत असतो, पण वाटेत काच आहे, मांस नाही. (म्हणून हे घरच्या पॅनलकडे टक लावून करायचं काम नव्हे, तिथे डोस मोजून देतात.) केसांची मुळं, सुरकुत्या, वरवरची जखम हेही याच मिलिमीटरांच्या हद्दीत येतं.

मग आईचा गुडघा कुठे बसतो? खरं सांगायचं तर मी आधी 'नाही' ठरवूनच वाचायला बसलो होतो, आणि इथे मला थोडं मागे यावं लागलं. गुडघा मांडीसारखा जाड नाही. वाटीच्या दोन्ही बाजूंना, जिथे बोट दाबलं की सांध्याची फट लागते, तिथे सांध्याचं आवरण त्वचेपासून फार लांब नसतं. २०१९ मध्ये बीएमजे ओपनमध्ये आलेल्या एका आढाव्यात गुडघ्याच्या संधिवातावरच्या २२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. ज्या चाचण्यांमध्ये शिफारस केलेला डोस दिला होता, त्यांत वेदना कमी झाल्या. पण तो डोस काय होता? ७८५ ते ८६० नॅनोमीटरचा लेझर, प्रत्येक बिंदूवर ४ ते ८ ज्यूल. सांध्याभोवतीचे बिंदू शोधून द्यायचा उपचार आहे तो. हातातलं उपकरण त्वचेला टेकवून दाबलं की प्रकाश कमी परत फिरतो, मधली जाडी कमी होते, आणि फिन्सेनची ती जुनी युक्ती आपोआप घडते, रक्त बाजूला सरतं. भिंतीवर टांगलेलं पॅनल यातलं काहीच करत नाही. फुटभर अंतरावर खुर्ची टाकून, कधीकधी तर साडीवरूनच, समोर बसायचं. शिवाय हा परिणाम वेदनेवरचा आहे. झिजलेली गादी पुन्हा भरून येते असं त्यात कुठेही नाही, आणि जाहिरातीत मात्र तेच सुचवलेलं होतं.

त्वचेच्या रंगाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारतच नाही. मेलॅनिनही प्रकाश शोषतं, निअर इन्फ्रारेडपेक्षा लाल जास्त. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या नोंदीने दाखवलं होतं की ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट होतं. त्वचेचा रंग प्रकाशाच्या मोजमापात एवढा फरक पाडतो, तर उपचारात पाडणारच. लाल एलईडीच्या सुरक्षिततेच्या अमेरिकन चाचण्यांमध्ये गोऱ्या त्वचेला दर चौरस सेंटिमीटरला ४८० ज्यूलपर्यंत सहन झाले, गडद त्वचेला ३२०. सावळ्या माणसाच्या बाबतीत प्रकाश आत कमी जातो आणि वर जास्त तापतो. तरी मी पाहिलेल्या एकाही पॅनलच्या माहितीपत्रकात त्वचेच्या रंगाप्रमाणे वेळ दिलेली नव्हती. सगळ्यांना १० मिनिटं.

एक गोष्ट या सगळ्या हिशोबाला टोचणारी आहे, ती लपवणं बरोबर नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले ग्लेन जेफरी आणि सहकारी वेगळंच काही म्हणतायत. २०२४ मध्ये त्यांनी ३० निरोगी लोकांवर प्रयोग केला. पाठीवर १५ मिनिटं ६७० नॅनोमीटरचा प्रकाश दिला आणि मग ग्लुकोज प्यायला दिलं, तर रक्तातली साखर वाढण्याचं प्रमाण २७.७ टक्क्यांनी कमी भरलं. २०२५ मध्ये त्यांनीच दाखवलं की उन्हातला ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश धडातून आरपार जाताना मोजता येतो. हे खरं असेल तर परिणाम होण्यासाठी प्रकाशाने त्या जागी पोहोचायलाच हवं असं नाही. त्वचेजवळच्या पेशी आणि रक्त काहीतरी निरोप पुढे नेत असतील. मला ही कल्पना आवडते. पण ३० जणांच्या प्रयोगावर, तोही एकाच गटाचा, मी पैसे लावणार नाही, आणि मधुमेह असलेल्या कोणी गोळी तर मुळीच सोडू नये. शिवाय हा निरोपाचा सिद्धांत मान्य केला तर 'खोलवर पोहोचतो' हा दावा उलट निरर्थक ठरतो. पोहोचायची गरजच नसेल तर बाण कशाला काढले?

जाता जाता 'एफडीए क्लिअर्ड' या शिक्क्याबद्दल. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की हे उपकरण आधीपासून बाजारात असलेल्या तशाच उपकरणाच्या जोडीचं आहे, आणि तेही एका ठराविक उपयोगासाठी, उदाहरणार्थ सुरकुत्या. सुरकुत्यांसाठी मिळालेला शिक्का गुडघ्याच्या चित्राखाली छापला की वाचणाऱ्याला वाटतं गुडघ्यालाच मिळालाय. पॅनल घेणारच असाल तर तरंगलांबी, किती अंतरावर किती मिलिवॅट, आणि शिक्का नक्की कशासाठी आहे, हे तीन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा. मी आईच्या लिंकवरच्या विक्रेत्याला विचारले. पहिल्याचं उत्तर आलं. बाकी दोनांऐवजी १० टक्के सवलतीचं कूपन आलं.

आईला हे सगळं सांगायला फोनवर अर्धा तास लागला. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाली, "म्हणजे टेकवून दाबतात ते चालेल, लांबून नाही, असंच ना?" तिची अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या मंगळवारी आहे. एक्स-रे काढून ते जे सांगतील ते, आणि लेझरचं तिथेच विचारायचं असं ठरलंय. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम तिने सुरू केलेत, तिच्या म्हणण्याप्रमाणे रोज, बाबांच्या म्हणण्याप्रमाणे आठवड्यातून तीनदा. काकूंच्या पॅनलसमोर मात्र ती एकदा बसून आली. ऊब छान लागते म्हणाली.